कुलूप राहिले, हमी गेली

प्रश्न असा आहे: "मी लहानपणापासून कन्सोलवरच खेळत आलो आहे. हल्ली नवा खेळ विकत आणला तरी तो अर्धवट वाटतो, डिस्क घातल्यावरही तासभर डाउनलोड चालू राहते, आणि कन्सोल जुने झाले तरी त्याची किंमत उतरत नाही. हा उद्योग खरोखर बिघडला आहे, की मीच जुन्या आठवणींत रमलो आहे? आणि पुढचे कन्सोल डिस्कचे घ्यावे की डिस्कशिवायचे?"

मी तीस वर्षांहून अधिक काळ कन्सोलवर खेळतो आहे आणि त्यांतली सोळा वर्षे खेळ बाजारात जाण्यापूर्वी त्यांची तपासणी करण्याच्या कामात गेली आहेत. त्यामुळे कंट्रोलर हातात घेऊन टीव्हीसमोर बसणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे आणि डिस्क छापायला जाण्याच्या आदल्या रात्री कार्यालयात काय चालते तेही मी पाहिले आहे. तुमची तक्रार आठवणींतून आलेली नाही, ती रास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीचे कारण वेगळे आहे, आणि किमतीच्या बाबतीत मी कंपन्यांना तुमच्याइतका दोष देत नाही.

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, विकत घेणे हा मुळात एक करार असतो. संगणकावर आपण कोणाकडूनही काहीही घेऊन चालवू शकतो. कन्सोलवर मात्र यंत्र बनवणाऱ्या कंपनीने ज्याला परवानगी दिली आहे तेवढेच चालते, आणि त्या परवानगीपोटी कंपनी आपल्या डिजिटल दुकानातल्या विक्रीतून साधारण ३० टक्के वाटा घेते. ही मोकळीक आपण फुकट सोडलेली नव्हती. खेळ घातला की चालेल, तो पूर्ण असेल, एकदा घेतला की आपला राहील आणि वर्षे सरतील तसे यंत्र स्वस्त होत जाईल, एवढी हमी तिच्या बदल्यात आपल्या पदरात पडत होती. गेल्या वीस वर्षांत परवानगीचे हे कुलूप जसेच्या तसे राहिले, किंबहुना अधिक पक्के झाले, आणि हमीतले एकेक कलम गळत गेले. या उद्योगाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे एवढ्यात येते.

हे कुलूप आले कोठून, हे आधी पाहायला हवे. अटारी कंपनीच्या २६०० या कन्सोलला ते नव्हते. १९७९ मध्ये अटारीतूनच बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि अटारीच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे उत्तम खेळ बनवले. परंतु त्यांच्या मागोमाग, खेळ बनवण्याचा गंधही नसलेल्या अनेक कंपन्या कॅसेट काढू लागल्या. (कार्ट्रिज हा शब्द अधिक अचूक असला तरी आपण सगळे तिला कॅसेटच म्हणत आलो, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.) खोक्यावरचे चित्र पाहून आतला खेळ कसा आहे हे कळायला ग्राहकाला काहीच मार्ग नव्हता, दुकाने न खपलेल्या मालाने तुंबली आणि बाजार कोसळला. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलर होती, ती १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली, असा आकडा नेहमी दिला जातो. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला, आणि २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा त्या कॅसेट खरोखरच हाती लागल्या.

निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस हे कन्सोल आणले तेव्हा त्यात टेन-एनईएस नावाची चिप बसवली होती. एक चिप यंत्रात आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये, अशा दोन्ही चिपा सतत एकमेकींशी ताळमेळ राखत, आणि तो जुळला नाही की यंत्र दर सेकंदाला पुन्हा पुन्हा रीसेट होत राही. बाहेरच्या कंपन्यांवरच्या अटी जाचक होत्या: वर्षाला पाचच खेळ, कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या आणि त्यांचे पैसे आगाऊ भरायचे. या अटींमागे निव्वळ धंद्याचे हित होते हे मी नाकारत नाही. तरीही खोक्यावरच्या निन्टेन्डोच्या सोनेरी शिक्क्याला अर्थ होता, कारण आतली वस्तू निदान चालते हे कोणीतरी पाहिलेले असे. कुंपण उभे राहिले ते शेत राखण्यासाठी.

ते पाहण्याचे काम पुढे माझ्या वाट्याला आले. प्रत्येक कन्सोल कंपनीची एक जाडजूड नियमावली असते. सोनीच्या नियमावलीला टीआरसी म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या नियमावलीला पूर्वी टीसीआर म्हणत आणि आता एक्सआर म्हणतात, तर निन्टेन्डोच्या तपासणीचे नाव लॉटचेक. मी सुरुवात केली तेव्हा सोनीच्या प्लेस्टेशन २ चे दिवस होते आणि आमचा निम्मा दिवस खेळ कोठवर आला ते साठवणाऱ्या, ८ मेगाबाइटच्या त्या काळ्या मेमरी कार्डाशी झगडण्यात जाई. 'सेव्ह करत आहे' ही अक्षरे पडद्यावर उमटली की त्याच क्षणी कार्ड खाचेतून उपसायचे. खेळ गोठता कामा नये, कार्ड निघाल्याचे त्याने सांगितले पाहिजे, कार्ड परत घातल्यावर पुन्हा प्रयत्न करण्याची सोय दिली पाहिजे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधीची फाइल शाबूत राहिली पाहिजे. मग हेच कार्ड पूर्ण भरलेले असताना, मग दुसऱ्या खाचेत, मग कंट्रोलरची वायर ऐन लढाईत ओढून काढून, मग अर्ध्या सेव्हमध्ये वीज घालवून. एकदा माझ्या सहकाऱ्याने एकाच दिवसात एकच कार्ड दोनशेहून अधिक वेळा काढले-घातले, आणि एकशे चाळिसाव्या की कितव्या खेपेला फाइल बिघडली. ती एक फाइल बिघडली म्हणून खेळ परत गेला. बनवणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल, पण कोणी वाद घातला नाही, कारण डिस्क एकदा छापली की तिच्यातली चूक कायमची, हे सर्वांनाच ठाऊक होते. त्या काळातल्या खेळांत चुका नव्हत्या असे मुळीच नाही. चूक राहिली तर ती निस्तरता येणार नाही ही जी धास्ती होती, तिच्यामुळे खेळाला शेवटचा हात फिरत असे, एवढेच मला म्हणायचे आहे.

कन्सोलमध्ये हार्ड डिस्क आली, ते इंटरनेटला जोडले गेले आणि ही धास्ती संपली. सुरुवातीला निदान पॅच, म्हणजे विकलेल्या खेळातली चूक दुरुस्त करणारे डाउनलोड, देणे खर्चिक होते. २०१२ मध्ये 'फेझ' या खेळाच्या पॅचमुळे काही जणांची सेव्ह फाइल बिघडू लागली, तेव्हा त्याच्या छोट्या चमूने नवा पॅच काढण्याऐवजी तोच पुन्हा उपलब्ध करून दिला, कारण मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर आणखी एका पॅचच्या तपासणीसाठी हजारो डॉलर मोजावे लागले असते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे शुल्क घेणे थांबवल्याचे स्पष्ट झाले. छोट्या निर्मात्यांसाठी हे चांगलेच झाले. परंतु मोठ्या प्रकाशकांच्या वेळापत्रकात त्यामुळे एक नवा टप्पा शिरला: डिस्क छापायला पाठवायची, ती छापून दुकानांत पोहोचेपर्यंतच्या काही आठवड्यांत राहिलेले काम उरकायचे आणि विक्रीच्या दिवशी ते पॅचमधून द्यायचे.

याचा अर्थ काय होतो हे मी एका मोठ्या प्रकाशकाच्या खेळात जवळून पाहिले. तीस-पस्तीस तास खेळून झाल्यावर एका ठरावीक तळघरात शिरून सेव्ह केले की ती फाइल पुन्हा उघडतच नसे. डिस्क छापायला जाण्याच्या बऱ्याच आधी आम्ही हे सर्व पायऱ्यांनिशी लिहून दिले, चित्रफीत जोडली, हा दोष अडवण्याजोगा आहे असा शेरा मारला. उत्तर आले की डिस्क आहे तशीच जाईल, पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये दुरुस्ती येईल आणि तशी सवलत मिळालेली आहे. पॅच आला, वेळेवर आला. ज्याच्या घरी इंटरनेट नव्हते किंवा पॅच उतरवण्याइतका डेटा नव्हता, त्याच्या पस्तीस तासांचे काय झाले हे विचारायला त्या बैठकीत कोणी नव्हते. ती डिस्क आजही जुन्या मालाच्या बाजारात फिरते आहे आणि ते तळघर तिच्यात तसेच आहे.

या प्रवृत्तीचा कळस म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये आलेला 'सायबरपंक २०७७'. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला, लोकांना पैसे परत दिले आणि जून २०२१ मध्येच तो पुन्हा विक्रीस ठेवला. तो तपासणीतून सुटला कसा? निर्मात्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना सांगितले होते की खेळ बाजारात येईपर्यंत आम्ही सर्व दुरुस्त करू असा विश्वास कन्सोल कंपन्यांनी ठेवला होता. माझ्या कामाच्या दृष्टीने हे वाक्य त्या खेळातल्या कोणत्याही दोषापेक्षा गंभीर आहे. तपासणी करणाऱ्याने विश्वास ठेवायचा नसतो, त्याने कार्ड उपसून पाहायचे असते.

आता डिस्कबद्दल. तुमच्या हातातल्या डिस्कमध्ये खेळ आहेच असे धरून चालू नका. २०१५ च्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' मध्ये पॅच घेतल्याशिवाय शिकवणीचा भाग आणि स्वतःचे मैदान रचण्याची सोय यांपलीकडे जवळजवळ काहीच उघडत नव्हते. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० मेगाबाइट माहिती निघाली, म्हणजे १०० जीबीपर्यंत सामावू शकणारी ब्ल्यू-रे डिस्क केवळ किल्ली म्हणून वापरली गेली. निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये स्विच २ हे कन्सोल आणले तेव्हा निदान प्रामाणिकपणा दाखवला: ज्या कार्डात खेळ नसून फक्त डाउनलोडची किल्ली आहे त्याला 'गेम-की कार्ड' असे वेगळे नाव दिले आणि खोक्याच्या दर्शनी भागावर तसे छापले. असे कार्ड दुसऱ्याला देता येते, विकताही येते, त्यामुळे ते निव्वळ डिजिटल प्रतीपेक्षा बरे आहे. पण डाउनलोडचे सर्व्हर ज्या दिवशी बंद होतील त्या दिवशी तो प्लास्टिकचा तुकडा उरेल. आणि पूर्ण खेळ कार्डात बसवणे अशक्य आहे असेही नाही. स्विच २ वर ६४ जीबीच्या कार्डात सगळा खेळ देणाऱ्यांत पहिल्याच दिवशी 'सायबरपंक २०७७' होता. ज्या कंपनीने २०२० मध्ये एवढी नाचक्की ओढवून घेतली तिनेच हे करून दाखवले, याचा मला मनापासून आनंद झाला.

तुमच्याकडची डिस्क यांपैकी कोणत्या जातीची आहे हे घरीच पाहता येते. कन्सोलचे इंटरनेट सेटिंगमधून पूर्ण बंद करा, तो खेळ आधी उतरवलेला असल्यास पुसून टाका (सेव्ह फाइल पुसू नका, ती वेगळ्या ठिकाणी असते) आणि मग डिस्क घाला. प्लेस्टेशन ५ वर खेळाच्या चित्रावर उभे राहून ऑप्शन्सचे बटण दाबून माहिती उघडली की आवृत्तीचा क्रमांक दिसतो, आणि डिस्कवरून उतरलेली मूळ आवृत्ती ती हीच. आता निदान तासभर खेळा. पहिला अंक संपून दुसरा सुरू होतो का, मेनूतले सर्व प्रकार उघडतात का, पात्रे बोलतात का, हे पाहा. काही खेळ सुरुवातीचा भाग डिस्कवर देतात आणि पुढे एका दारापाशी आणून 'डाउनलोड आवश्यक' असा फलक लावतात, म्हणून केवळ खेळ सुरू झाला यावर समाधान मानू नका. मी माझ्या कपाटातल्या प्रत्येक डिस्कवर ही परीक्षा घेतली आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की प्लेस्टेशन ४ व ५ च्या बहुतेक डिस्क आजही बिनइंटरनेटच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालतात.

विकत घेतलेली वस्तू आपली राहण्याचे कलम कसे सुटले, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी दर चोवीस तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी देण्याची अट घातली होती, डिस्क दुसऱ्याला देण्यावरही बंधने होती. गदारोळ झाला, सोनीने एका माणसाने दुसऱ्याच्या हातात डिस्क दिली एवढेच दाखवणारी काही सेकंदांची चित्रफीत काढून टाळ्या मिळवल्या आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. आपण जिंकलो असे तेव्हा मलाही वाटले होते. पण तेव्हा जे दांडगाईने जमले नाही ते पुढे सोयीच्या वाटेने घरात आले: दुकानात जायला नको, डिस्क बदलायला नको, मध्यरात्री बाराला खेळ सुरू. डिजिटल प्रत घेताना आपल्याला मिळतो तो केवळ वापराचा परवाना, आणि तो काढून घेता येतो. 'द क्रू' हा डिसेंबर २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ. त्यात एकट्याने खेळायची कथा होती, तरी ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच तो पूर्णपणे निकामी झाला, आणि डिस्क घेणारेही त्यातून सुटले नाहीत. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपीय नागरिक-याचिकेवर जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला गेला. या मोहिमेची मागणी मला अत्यंत माफक वाटते: सर्व्हर कायमचे चालवा असे ती म्हणत नाही, बंद करताना खेळ चालण्याजोग्या स्थितीत सोडा, एवढेच म्हणते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल माल विकताना 'खरेदी' असा शब्द वापरायचा असेल तर हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. सांगणे ही सुरुवात झाली, पण सांगितल्याने वस्तू आपली होत नाही.

जुन्या खेळांची स्थिती तर याहून वाईट आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलचे डिजिटल दुकान वी शॉप जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, त्याच कंपनीच्या वी यू आणि थ्रीडीएस यांची दुकाने मार्च २०२३ मध्ये, एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये. प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हीटाची दुकाने बंद करण्याचा निर्णय सोनीने २०२१ मध्ये जाहीर केला होता आणि लोकांच्या रोषामुळे महिन्याभरात फिरवला. त्याच वर्षी जुने खेळ जतन करणाऱ्या मंडळींनी आणखी एक गोष्ट उघड केली. प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळासाठी नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली आणि तेव्हा सोनीचे सर्व्हर उपलब्ध नसले, तर ट्रॉफीच्या, म्हणजे खेळात मिळणाऱ्या बक्षिसांच्या, वेळेची पडताळणी होऊ न शकल्याने डिजिटल खेळ उघडत नसत आणि डिस्कवरचेही अडत. दोन-चार डॉलरच्या बॅटरीवर सगळा संग्रह टांगलेला! सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या सिस्टिम अपडेटने हा दोष दूर झाला. सोनीने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही, पण कन्सोल कंपनीने दहा वर्षांत खेळणाऱ्यांसाठी केलेल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी मी ते एक मानतो.

किमतीबद्दल माझे मत सौम्य आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आले, दीड-पावणेदोन वर्षांत १९९ वर आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरले. उलट प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ ला गेले. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ वरून ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६४९ वर पोहोचले. यात आयातशुल्काचा भाग आहे, महागाईचा आहे, पण मूळ कारण चिपच्या कारखान्यात आहे. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी तीच चिप अधिक लहान आकारात आणि कमी खर्चात बनवता येई, यंत्राचा वीजपुरवठा आणि पंखाही लहान होई, आणि ती बचत 'स्लिम' आवृत्तीच्या रूपाने आपल्यापर्यंत येई. आता चिप लहान करता येते, पण ती स्वस्त होत नाही. हे कलम कंपन्यांनी मोडले असे मी म्हणणार नाही, ते भौतिकशास्त्राने आणि अर्थशास्त्राने मिळून मोडले. खेळाच्या ७० डॉलर किमतीचाही मला राग नाही, कारण १९९० च्या दशकातल्या काही कॅसेट त्याच आकड्यांत युरोप-अमेरिकेत विकल्या गेल्या होत्या आणि तेव्हाच्या डॉलरचे मोल आजच्याहून पुष्कळ अधिक होते. पूर्ण, आपला राहणारा खेळ मिळत असेल तर मी ७० डॉलर आनंदाने देईन.

राग येतो तो या पैशांचे पुढे जे होते त्याचा. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅक्टिव्हिजन यांच्या विलीनीकरणाच्या खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवरचे आकडे काळ्या मार्करने नीट झाकले गेले नव्हते, म्हणून जगाला कळले की 'द लास्ट ऑफ अस भाग २' वर सुमारे २२ कोटी आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' वर सुमारे २१.२ कोटी डॉलर खर्च झाले. हा हिशेब स्वतः मांडून पाहा. ७० डॉलरच्या खेळातून दुकानाचा ३० टक्के वाटा वजा जाता बाहेरच्या प्रकाशकाच्या हाती ४९ डॉलर येतात, म्हणजे २२ कोटी वसूल व्हायलाच पूर्ण किमतीच्या सुमारे ४५ लाख प्रती खपल्या पाहिजेत, आणि जाहिरातीचा खर्च यात धरलेलाच नाही. असा डाव लावणारा माणूस नवे काही करायला धजत नाही. तो जुन्या नावाचा पुढचा भाग काढतो, किंवा वर्षानुवर्षे पैसे येत राहतील असा सतत ऑनलाइन चालणारा खेळ काढायला जातो. सोनीचा असाच ऑनलाइन खेळ 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि पाठोपाठ तो बनवणारा स्टुडिओही. तिकडे 'हाय-फाय रश' सारखा ताजा, नेटका खेळ देणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये बंद करायला काढला. क्राफ्टन या कंपनीने तो विकत घेतला म्हणून वाचला. ज्यांच्याबरोबर मी रात्री जागवल्या त्यांतले किती तरी कसबी लोक आज या क्षेत्रात नाहीत, आणि खेळ अर्धवट का येतात याचे निम्मे उत्तर त्या रिकाम्या खुर्च्यांत आहे. खेळातले बारकावे कोणाच्या तरी डोक्यात साठलेले असतात, दर प्रकल्पानंतर माणसे काढली की ते त्यांच्याबरोबर जातात.

मोठ्या खर्चाशिवाय कन्सोलला शोभेल असा खेळ होत नाही, हे मात्र खरे नाही. २०२४ चा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळवणारा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' साधारण साठ माणसांच्या चमूने बनवला. २०२५ चा मान मिळवणाऱ्या 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' चा मूळ चमू तिशीच्या आसपास होता, बाहेरची मदत त्यांनी घेतली, आणि खेळ ५० डॉलरला विकला. 'अ‍ॅस्ट्रो बॉट' मी दोनदा पूर्ण केला, आणि दोन्ही वेळा मला ते जुने मेमरी कार्ड आठवत राहिले, कारण कोणीतरी प्रत्येक कोपऱ्यात जाऊन पाहिल्याची खूण त्या खेळात पावलोपावली दिसते.

दरमहा पैसे भरून अनेक खेळ खेळू देणाऱ्या वर्गणीबद्दल थोडक्यात सांगतो. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट २०१९ मध्ये महिना १५ डॉलरला होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये ३० झाले. नवे खेळ चाखून पाहण्यासाठी महिना-दोन महिने घ्यायला ते उत्तम आहे, परंतु आवडलेला खेळ वर्गणीच्या भरवशावर ठेवू नका. खेळात पैसे टाकून नशीब आजमावायला लावणाऱ्या पेट्यांबद्दल तर, २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने त्यांतल्या काहींना जुगार ठरवले, यात सगळे आले. लहान मुले खेळतात त्या खेळात त्या असूच नयेत.

राहिला शेवटचा प्रश्न. डिस्कचेच कन्सोल घ्या. त्यामुळे जुन्या डिस्क चालतात, खेळून झालेला खेळ मित्राला देता येतो, विकता येतो, आणि डिजिटल दुकानाशी किमतीत स्पर्धा करणारे दुसरे दुकान शिल्लक राहते. डिस्क नसलेल्या यंत्रावर त्या एकाच दुकानाची किंमत अखेरची असते. जे खेळ फक्त डिजिटल मिळतात ते जरूर घ्या, कारण छोट्या निर्मात्यांचे कितीतरी सुंदर खेळ तसेच येतात. मात्र ते उतरवून ठेवा, बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत करा आणि एकट्याने खेळतानाही सर्व्हर मागणारा खेळ पूर्ण किमतीला घेऊ नका. प्लेस्टेशन ५ ची स्लिम किंवा प्रो आवृत्ती घेणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. या यंत्रांना जोडायचा सुटा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा बसवताना इंटरनेटवरून एकदा नोंदवावा लागतो, त्याशिवाय तो डिस्क वाचत नाही. पुढे कधीतरी लागेल म्हणून तो खोक्यातच ठेवू नका. सर्व्हर सुरू आहेत तोवर, आणला त्याच दिवशी तो बसवा, नोंदणी पूर्ण करा, आणि मग इंटरनेट बंद करून एक जुनी डिस्क घालून पाहा.